एसईव्ही व्हीएमचं मेजरमेंट दर अपडेटनंतर बदलतंय? आधी व्हीएमएसए काढून बघा

एसईव्ही म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरमधली सोय, व्हीएमची मेमरी एनक्रिप्ट करून ती ज्या मशीनवर चालते त्या होस्टपासून लपवणारी. व्हीएम सुरू होताना तिच्यात काय काय लोड झालं त्याचा हॅश म्हणजे मेजरमेंट, आणि तो अपेक्षित हॅशशी ताडून बघणं म्हणजे अटेस्टेशन. तक्रार दरवेळी तीच असते. व्हीएम मस्त चालू होतेय, लॉगिन होतंय, आत सगळं जागच्या जागी, पण अटेस्टेशन फेल, कारण रिपोर्टमधलं मेजरमेंट आपण काढून ठेवलेल्या हॅशशी जुळत नाही. ओव्हीएमएफची, म्हणजे व्हीएमच्या फर्मवेअरची, फाईल तीच, कर्नल तोच, इनिटआरडी तीच, कमांड लाईनमधली एक स्पेस पण हललेली नाही. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही काहीच बदललं नाही हो".

बदललेलं असतं, फक्त गेस्टमधे, म्हणजे व्हीएमच्या आत, नाही, होस्टवर. आपल्या इकडं तर ह्याची एक खास पद्धत आहे, उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, यूपीएस तासाभरात मान टाकतो, होस्ट बंद पडतो आणि लाईट आल्यावर जो कर्नल महिनाभर अपडेट होऊन नुसता रीबूटची वाट बघत पडला होता तो लोड होतो. कुणी हात लावला नाही हे पण खरं आणि होस्ट बदलला हे पण खरं. म्हणून पहिल्यांदा होस्टवर यूनेम मारून कर्नलचं व्हर्जन बघा, मग क्यूएमूचं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, व्हर्जन बघा, आणि पॅकेज मॅनेजरची हिस्ट्री काढून आधीचं कुठलं होतं ते कुठंतरी लिहून ठेवा.

आता बरेच जण इथं काय करतात, रिपोर्टमधलं नवीन मेजरमेंट उचलतात आणि तेच अपेक्षित व्हॅल्यू म्हणून कॉन्फिगमधे पेस्ट करून मोकळे होतात. अहो मग अटेस्टेशन करता कामून? होस्टवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि त्याच होस्टनं दिलेला आकडा डोळे झाकून खरा मानायचा. हॅश बदलायचाच असेल तर बदला, पण कुठला बाइट बदलला आणि कशामुळं बदलला हे कळल्यावर बदला. ते कळतं, आणि वाटतं तेवढं अवघड नाही.

थोडं मागचं. साध्या एसईव्हीमधे, म्हणजे २०१७ च्या पहिल्या एपिकसोबत आलेल्यात, फक्त मेमरी एनक्रिप्ट व्हायची, प्रोसेसरचे रजिस्टर होस्टला उघडे दिसायचे आणि ते मेजरमेंटमधे पण येत नव्हते. त्याच्या पुढच्या आवृत्तीपासून, म्हणजे एसईव्ही-ईएसपासून, प्रत्येक व्हीसीपीयूची, म्हणजे व्हीएमच्या प्रत्येक प्रोसेसरची, रजिस्टर स्टेट एका वेगळ्या पानात जाते, त्याला व्हीएमएसए म्हणतात, व्हर्च्युअल मशीन सेव्ह एरिया, ४०९६ बाइटचं एक पान. व्हीएम सुरू करताना केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधला व्हीएम चालवणारा भाग, हे पान भरतं, मग एएमडीचा सिक्युरिटी प्रोसेसर त्याचा हॅश घेऊन लाँच डायजेस्टमधे, म्हणजे सगळ्याच्या एकत्रित हॅशमधे, मिसळतो आणि पान एनक्रिप्ट करतो. हे मेजर करायचं कारण सरळ आहे, फर्मवेअर अस्सल असलं तरी होस्टनं सुरुवातीचा आरआयपीच, म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कुठं आहे तो पत्ताच, भलतीकडं लावला तर गेस्ट भलत्याच जागेवरून चालू होईल, म्हणून कोड जेवढा महत्त्वाचा तेवढीच पहिली रजिस्टर स्टेट पण महत्त्वाची. एसएनपीमधे, म्हणजे एसईव्हीच्या त्यापुढच्या आवृत्तीत, हेच चालू राहिलं, डायजेस्ट तेवढा एसएचए-३८४ चा म्हणजे ४८ बाइटचा झाला.

म्हणजे ओव्हीएमएफ तीच असून मेजरमेंट बदललं तर संशय व्हीएमएसएवर जातो. अडचण ही की व्हीएम चालू झाल्यावर पान एनक्रिप्टेड असतं, होस्टवरून वाचलं तर नुसता कचरा दिसतो, डीबगर लावून उपयोग नाही. बघायचं तर एनक्रिप्ट व्हायच्या आधीच बघावं लागतं.

आणि ती सोय लिनक्समधे आहे, लई लोकांना माहिती नाही. २०२२ मधे केव्हीएमच्या एएमडी मॉड्यूलमधे एक छोटा पॅच गेला, मुद्दाम अटेस्टेशनच्या भानगडी शोधायलाच. केव्हीएम व्हीएमएसए भरून झाल्यावर, एनक्रिप्ट करायच्या आधी, तो पूर्ण कर्नल लॉगमधे हेक्समधे छापतं. पण डीबग लेव्हलला छापतं, म्हणून एरवी दिसत नाही. डायनॅमिक डीबग चालू करावं लागतं, डीबगएफएसमधे डायनॅमिक डीबगची कंट्रोल नावाची फाईल असते, तिच्यात रूट होऊन केव्हीएम-एएमडी मॉड्यूलसाठी प्लस पी लिहायचं, मॉड्यूलच्या नावात मधे अंडरस्कोर. मग व्हीएम चालू करा आणि डीमेसेज बघा. सिक्युअर बूट चालू असलेल्या होस्टवर कर्नल लॉकडाऊनमुळं ही फाईल लिहू देत नसेल तर उगं डोकं आपटत बसू नका, मॉडप्रोबच्या कॉन्फिगमधे केव्हीएम-एएमडीला डीवायएनडीबीजी हा ऑप्शन प्लस पी देऊन मॉड्यूल परत लोड करा, काम होतं. त्यासाठी चालू असलेल्या सगळ्या व्हीएम बंद कराव्या लागतात एवढंच.

लॉगमधे "व्हर्च्युअल मशीन सेव्ह एरिया" असं हेडिंग येतं आणि खाली हेक्सच्या ओळी, एका ओळीत १६ बाइट. प्रत्येक व्हीसीपीयूसाठी असा एक गठ्ठा. व्हीसीपीयूचा नंबर कुठंच छापलेला नसतो, क्रमानंच ओळखायचं, पहिला गठ्ठा बूट करणाऱ्या सीपीयूचा आणि बाकीचे त्याच्या मागोमाग. ओळीच्या सुरुवातीला ऑफसेट, म्हणजे कितवा बाइट ते, पण नसतो, त्यामुळं ओळी मोजाव्या लागतात, हे जरा वैतागाचं आहे. एक गठ्ठा १०३ ओळींचा असतो, म्हणजे १६४८ बाइट. पान तर ४०९६ चं. उरलेले २४४८ बाइट शून्य असतात आणि छापलेले नसतात, हॅश काढताना ते शून्य तुम्हाला मागं जोडावे लागतात. हे विसरलं की हॅश कधीच जुळणार नाही आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

आता तुलना कशाशी करायची? दोन रस्ते. जुना होस्ट किंवा जुना कर्नल अजून हाताशी असेल तर तिथं पण असाच डंप घ्या आणि दोन्ही समोरासमोर ठेवा, हा सगळ्यात सोपा. तो नसेल तर सेव्ह-एसएनपी-मेजर (अशा नावांत सेव्ह म्हणजे एसईव्हीच) नावाचं पायथनचं टूल आहे, जे होस्टला न विचारता अपेक्षित मेजरमेंट काढून देतं, त्याला डंप-व्हीएमएसए असा ऑप्शन आहे, तो दिला की त्यानं गृहीत धरलेले व्हीएमएसए वेगवेगळ्या बिन फाईलमधे लिहून देतं. डीमेसेजमधून हेक्स ओळी कापा, पुढचा टाईमस्टॅम्प काढून टाका, एक्सएक्सडीनं उलट बायनरी करा आणि सीएमपीला एल ऑप्शन देऊन दोन फाईली लढवा. टूलची फाईल ४०९६ ची आणि तुमची १६४८ ची असल्यानं शेवटी "फाईल संपली" असं बोंबलेल, बोंबलू द्या. दोन खोड्या आहेत त्याच्यात, सीएमपी बाइट १ पासून मोजतं, ० पासून नाही, आणि व्हॅल्यू ऑक्टलमधे दाखवतं. म्हणजे हेक्स २१ असेल तर तिथं ४१ दिसेल, घाबरू नका.

आता फरक कुठं आलाय त्यावरून कारण सांगता येतं.

सीएमपीनं ९४५ दाखवलं, म्हणजे डंपातली ६० वी ओळ, पहिला बाइट, तर तो सेव्ह-फीचर्सचा फील्ड. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त वेळा इथंच घोळ असतो. ह्याच्यात एकेक बिट एकेका फीचरचा, बिट ० म्हणजे एसएनपी चालू, बिट ५ म्हणजे डीबगस्वॅप, बिट ९ म्हणजे सिक्युअर टीएससी. साध्या एसएनपी गेस्टमधे इथं १ असतो आणि डीबगस्वॅप पण असेल तर हेक्समधे २१. एसईव्ही-ईएसमधे ० किंवा २०. ह्या डीबगस्वॅपनं जो गोंधळ घातला ना, तो ऐकण्यासारखा आहे. गेस्टच्या आत डेटा ब्रेकपॉइंट वापरता यावेत म्हणून हे फीचर कर्नल ६.६ मधे आलं, २०२३ मधे, आणि हार्डवेअर सपोर्ट करत असेल तर आपोआप चालू. फीचर चांगलंच आहे, पण त्याची नोंद व्हीएमएसएत होते, म्हणजे कुणी न मागता प्रत्येक ईएस गेस्टचं मेजरमेंट बदललं. मग ६.८ मधे डिफॉल्ट बंद केलं, आणि ६.१० पासून इनिट-टू नावाचा नवीन इंटरफेस आला ज्याच्यात फीचर हवंय का नको हे वरून, म्हणजे क्यूएमूकडून, सांगता येतं. थोडक्यात ज्यानं मधल्या काळात ६.६ वर बेसलाइन हॅश काढला त्याचा पुढं गेल्यावर तुटला, आणि जो जुन्यावरून ६.६ वर आला त्याचा तेव्हाच तुटला. डिस्ट्रोवाले पॅच मागं-पुढं ओढतात त्यामुळं नुसत्या व्हर्जनच्या नंबरावर जाऊ नका, डंप बघा, तो खोटं बोलत नाही. कारण हेच निघालं तर अपेक्षित मेजरमेंट काढताना टूलला गेस्ट-फीचर्समधे तोच आकडा द्या. कुठून तरी उचललेल्या स्क्रिप्टमधे २१ लिहिलेलं असतं आणि होस्ट १ देतो, किंवा उलटं.

फरक १०३३, १०३४, १०४१, १०४२ च्या आसपास असेल तर गोष्ट वेगळी. ६५ व्या ओळीच्या उत्तरार्धात एमएक्ससीएसआर बसतो आणि ६६ व्या ओळीच्या सुरुवातीला एक्स८७ चा कंट्रोल वर्ड. क्यूएमूत रीसेटनंतर त्यांच्या व्हॅल्यू हेक्स १एफ८० आणि ३७एफ, उलट्या क्रमात बाइट असतात म्हणून डंपात ८० १एफ आणि ७एफ ०३ दिसतील. जुन्या इनिट इंटरफेसमधे केव्हीएम हे फ्लोटिंग पॉइंटचे रजिस्टर व्हीएमएसएत उतरवतच नव्हतं, इनिट-टूमधे उतरवतं. आणि क्यूएमू ९.१ नं काय केलं, ईएस गेस्टसाठी पण नवीन रस्ता धरला. म्हणजे इथं कर्नल आणि क्यूएमू दोघं मिळून जबाबदार, एकटा कर्नल ६.१० ला नेला तर काही होत नाही, मग कधीतरी क्यूएमू वर जातं आणि त्या दिवशी तुटतं. उपाय क्यूएमूनंच दिलाय, सेव्ह-गेस्ट ऑब्जेक्टवर लेगसी-व्हीएम-टाईप नावाची प्रॉपर्टी आहे, ती ऑन केली की जुनं मेजरमेंट परत मिळतं. मी म्हणेन तात्पुरती ऑन करा, सेवा चालू राहू द्या, आणि सवडीनं नवीन हॅश काढून ती काढून टाका. एसएनपीवाल्यांना ही भानगडच नाही, तिथं पहिल्यापासून इनिट-टूच आहे.

७८५ च्या पुढं फरक म्हणजे ५० वी ओळ, आरडीएक्स. हे बघून लोकांना वाटतं मेमरीच करप्ट आहे, तसं काही नाही. एक्स८६ प्रोसेसर रीसेट झाल्यावर आरडीएक्समधे त्याची सही असते, फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग, आणि क्यूएमू तीच नक्कल करतं. सीपीयू टाईपमधे होस्ट असं लिहिलं असेल तर खऱ्या मशीनची सही आत जाते. नांदेडच्या एकाचं हेच झालं होतं, इमेज संभाजीनगरच्या मशीनवर अटेस्ट व्हायची आणि त्याच्याकडं नाही, दोन्ही मशीन एपिक ७००३ च्याच. निघालं काय, एक साधी मिलान, सही हेक्स ए००एफ११, आणि दुसरी २०२२ मधे आलेली मोठ्या कॅशवाली मिलान-एक्स, तिचं स्टेपिंग २ म्हणून सही ए००एफ१२. एका आकड्याचा फरक आणि पूर्ण डायजेस्ट वेगळा. उपाय, होस्ट लिहूच नका, एपिक-मिलान किंवा एपिक-जेनोआ असं नाव आणि शक्यतो व्हर्जनसकट मॉडेल द्या, मग सही ठरलेली राहते. आता कुणी म्हणेल सीपीयू मॉडेल बदललं की सीपीयूआयडीचं, म्हणजे प्रोसेसरच्या माहितीचं, अख्खं पान बदलतं, मग फरक फक्त आरडीएक्समधेच कसा? तर एसएनपीमधे सीपीयूआयडीचं पान मेजर होताना त्याच्यातला मजकूर हॅशमधे धरत नाहीत, पान तिथं आहे एवढीच नोंद होते. तसंच रॅम ८ जीबीची १६ केली तर मेजरमेंट हलत नाही, पण व्हीसीपीयू ४ चे ६ केले तर हलतं, कारण दोन व्हीएमएसए वाढले. लातूरच्या एका पोरानं लोड वाढला म्हणून व्हीसीपीयू वाढवले आणि हॅकिंग झालं समजून रात्रभर जागला बिचारा.

३७७ आणि २५ च्या आसपास फरक असेल, म्हणजे आरआयपी आणि सीएसचा (कोड सेगमेंटचा) बेस, तर थांबा आणि नीट बघा. बूट करणाऱ्या सीपीयूचा आरआयपी एफएफएफ० आणि सीएस बेस एफएफएफएफ००००, ह्याच्यात बदल व्हायचं काही कारणच नाही, झाला असेल तर तो होस्ट मला द्या, मी त्याच्यावर काहीच चालवणार नाही. बाकीच्या सीपीयूंचा मात्र वेगळा असतो, त्यांनी कुठून चालू व्हायचं तो पत्ता ओव्हीएमएफच्या फाईलमधे शेवटी एका टेबलमधे लिहिलेला असतो, क्यूएमू तो वाचून वरचा भाग सीएसच्या बेसमधे आणि खालचे १६ बिट आरआयपीमधे टाकतं. म्हणून तिथं फरक आला तर तुमची ओव्हीएमएफ फाईल खरंच तीच आहे का ते एसएचए काढून बघा. डिस्ट्रोचं पॅकेज अपडेट झालं की फाईलचा पाथ तोच राहतो आणि आतली फाईल बदलते, "फाईल तीच आहे" म्हणणारे बहुतेक पाथ बघून बोलत असतात. एक सोपी खूण पण लक्षात ठेवा, पहिला गठ्ठा वेगळा आणि दुसऱ्यापासून शेवटपर्यंतचे सगळे एकमेकांशी तंतोतंत सारखे असले पाहिजेत. मधलाच एखादा वेगळा निघाला तर तिथं काहीतरी भानगड नक्की.

१९ वा बाइट, सीएसचे फ्लॅग, हे क्यूएमूत हेक्स ९बी असतात. दुसऱ्या व्हीएमएमवर, म्हणजे क्यूएमूऐवजी व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर, क्लाउडवाल्यांच्या स्वतःच्या हायपरवायझरवर, ९ए दिसू शकतं आणि आरडीएक्स, एमएक्ससीएसआर शून्य असू शकतात. मेजर टूलला व्हीएमएमचा प्रकार सांगायचा ऑप्शन त्यासाठीच आहे, तो न देता क्लाउडवरच्या व्हीएमचा हॅश घरच्या क्यूएमूच्या हिशोबानं काढला तर जुळणारच नाही.

अजून एक, डंप बघून कुणी विचारेल सीआर४ आणि ईएफईआर ह्या कंट्रोलच्या रजिस्टरमधे हेक्स ४० आणि १००० कुठून आलं, इंटेल-एएमडीच्या मॅन्युअलमधे तर रीसेटनंतर शून्य लिहिलंय. बरोबर आहे, पण केव्हीएम स्वतःहून मशीन-चेकचा बिट आणि एसव्हीएमचा बिट लावतं, एसव्हीएमच्या बिटाशिवाय तर गेस्ट चालतच नाही. ते तसंच असू द्या, स्वतः हाताने व्हीएमएसए बनवत असाल तर तुम्ही पण तेच टाका. आणि डंप कुणाला मदतीसाठी पाठवायला घाबरू नका, ही फक्त पॉवर-ऑनची स्टेट आहे, गेस्ट अजून एक इन्स्ट्रक्शन पण चाललेला नाही, त्याच्यात की किंवा पासवर्ड असायचा प्रश्नच येत नाही. तपास झाला की डीबग बंद करायला मात्र विसरू नका, ६४ व्हीसीपीयूची व्हीएम प्रत्येक वेळी साडेसहा हजार ओळी लॉगमधे ओतते आणि मग कामाचे मेसेज वाहून जातात.

सगळे व्हीएमएसए अपेक्षेप्रमाणं जुळले आणि तरी मेजरमेंट चुकतंय, असं पण होतं. एसएनपी असेल तर मग प्रोसेसर सोडा आणि पानांकडं बघा, ओव्हीएमएफ आणि कर्नल-हॅशेस, त्याच्यात कर्नल, इनिटआरडी आणि कमांड लाईनचे एसएचए-२५६ जातात, आणि कमांड लाईनचा हॅश शेवटच्या शून्य बाइटसकट घेतात, हाताने काढताना तो एक बाइट हमखास राहतो. स्वतःचा कोड लिहून डायजेस्ट काढत असाल तर व्हीएमएसएच्या पानाचा प्रकार २ धरा, आणि पत्ता सगळ्या व्हीसीपीयूंना एकच, एफएफएफएफएफएफएफएफएफ०००, म्हणजे नऊ एफ आणि तीन शून्य.

एसईव्ही-ईएस असेल तर अजून एक जागा उरते. तिथं आपल्याला मिळतं ते मेजरमेंट म्हणजे नुसता डायजेस्ट नसतो, एचएमएसी, म्हणजे गुप्त की वापरून काढलेला हॅश, असतो, आणि त्याच्यात डायजेस्टसोबत पॉलिसी, नॉन्स (एकदाच वापरायचा रँडम आकडा) आणि सिक्युरिटी प्रोसेसरच्या फर्मवेअरचं एपीआय मेजर, मायनर आणि बिल्ड नंबर पण मिसळलेले असतात. बायोस अपडेट केलं किंवा लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमधून एसईव्हीचं नवीन फर्मवेअर लोड झालं की बिल्ड नंबर बदलतो आणि व्हीएमएसए बाइट-टू-बाइट तोच असून एचएमएसी वेगळा येतो. व्हॅलिडेट करणाऱ्या टूलला जुना बिल्ड नंबर दिलेला असतो तो बदलून नवीन द्या आणि परत चालवून बघा.